शिळं पाणी

आठ-दहा दिवसांनी नळ आला की लातुरात आधी जुनं पाणी काढायचं आणि मग ताजं भरायचं, ही आमची जुनी खोड. ती माझ्या प्रयोगशाळेपर्यंत येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

दोन वर्षं मी एका वाटीच्या मागे लागले होते. सिरॅमिकची, तळहाताएवढी वाटी. पाण्यात बुडवून वीज दिली की ती कानाला न ऐकू येणारा आवाज काढते आणि एका बिंदूवर गोळा करते. तिथं आवाज इतका जोरकस होतो की त्यातूनच दुप्पट कंपनांचा, आणखी बारीक झोत तयार होतो. त्या झोतानं शरीरातली तांदळाएवढी गाठही स्वच्छ दिसावी, हा माझा हट्ट. पडद्यावरच्या आलेखात मूळ आवाजाच्या पहिल्या शिखराशेजारी या झोताचं दुसरं शिखर उठलं, की जमलं.

आज नांदेडच्या विद्यापीठातून राजशेखर सर तपासणीला आले होते. दुसरं शिखर दिसलं नाही तर काम बंद, असं त्यांनी पत्रातच कळवलं होतं. मी बटण दाबलं. पडद्यावर नुसत्या माजलेल्या गवतासारख्या वेड्यावाकड्या रेषा! काल तर शिखर दिसलं होतं. वाटीची गोलाईच चुकली असणार, म्हणजे मीच चुकले. मी अगदी रडकुंडीला आले.

तेवढ्यात टाकीच्या काचेला चिकटलेले बुडबुडे दिसले.

"नीलाबाई मावशी, पाणी कुणी बदललं?"

साफसफाई करणारी मावशी दारातूनच म्हणाली, "म्या. सकाळी नळ आलता. सायब येनार अन् टाकीत शिळं पानी, बरं दिसतं का ताई? फेकलं न्हाई, फरशी पुसायला ठिवलंय."

"अगं, ते उकळून हवा काढलेलं पाणी होतं! बुडबुडे असले की आवाज त्यांच्यावरच विखुरतो! आणि तू ओतून ठेवलेल्यातही आता हवा मिसळली असणार!"

मी ओरडलेच. मावशीचा चेहरा उतरला आणि मला माझीच लाज वाटली. दोन वर्षांत तिला हे मी एकदाही सांगितलं नव्हतं.

"मंग उकळू की परत," ती म्हणाली.

कँटीनच्या शेगडीवर तिनं पातेल्यांमागून पातेली उकळली, घट्ट झाकली, ओल्या गोणपाटात गुंडाळून थंड केली. सरांना स्वतःच्या डब्यातली भाकरी खाऊ घातली. चार वाजता आम्ही दोघींनी ते पाणी काचेच्या कडेनं, तुपाच्या धारेसारखं हळूहळू सोडलं.

बटण दाबलं. पहिलं शिखर उठलं. शेजारी दुसरंही, बारीक आणि ताठ. मी सरांसमोरच रडले.

"काम चालू ठेवा," सर म्हणाले, आणि कौतुकानं वाटीला हात लावायला टाकीवर वाकले.

"हात न्हाई घालायचा, सायब!" मावशी मध्ये आली. "लई मेहनतीनं शिळं केलंय ते."