उलट्या आट्यांचा सोऱ्या

वसंतराव कर्णिकांना आपली चूक होऊ शकते ही कल्पनाच कधी शिवली नव्हती. विमा कंपनीत जन्म काढला तोही ह्याच थाटात, आणि निवृत्त झाल्यावर गिरगावातल्या आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत छोटा लेथ बसवला तोही ह्याच थाटात. लोखंड, पितळ फिरतं ठेवून कापायचं ते मशीन. शेजारी म्हणाले, वसंतराव, या वयात बोटं घालवाल. वसंतराव म्हणाले, बघत राहा. आणि खरंच लोक बघायला लागले की! 'गॅलरीतला लेथ' नावाचं त्यांचं चॅनल होतं. कुकरची मूठ, दाराची कडी, समईचा मोडका दांडा, जे हाताला लागेल ते नीट करायचं आणि त्याचा व्हिडिओ टाकायचा. नागपूरपासून नैरोबीपर्यंतचे हौशी लोक "काका, टूल कुठलं वापरलंत?" विचारत आणि काका छाती पुढे काढून उत्तरं देत.

एकच प्रेक्षक त्यांना कधी मिळाला नाही, तो म्हणजे बायको. दुर्गाबाईंनी त्या लेथला सवतीसारखं वागवलं होतं. गॅलरीत कपडे वाळत घालायचे तर त्यावर पितळेचा कीस उडणार, झाडू मारायचा तर पायात तारा टोचणार. त्यात यंदा ठाण्याच्या लेकीनं, अवनीनं, दिवाळीसाठी वॉशिंग मशीन पाठवायचं ठरवलं, आणि ते ठेवायला घरात गॅलरीखेरीज जागा नव्हती.

"लेथ हलवा," दुर्गाबाई म्हणाल्या.

"लेथ? अगं, जमिनीला बोल्ट मारून बसवलाय तो!"

"मग बोल्ट काढा."

दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी दुर्गाबाईंनी माळ्यावरून एक जुनं फडकं काढलं आणि त्यातला पितळी सोऱ्या नवऱ्यासमोर ठेवला. चकल्या पाडायचा, वरची मूठ पिळली की स्क्रू खाली जातो आणि पीठ दाबतो तसला. अंगावर कोरलेलं होतं, 'सौ. मनू'. दुर्गाबाईंच्या आईचा सोऱ्या. स्क्रूचे आणि झाकणाचे आटे झिजून झिजून इतके गुळगुळीत झाले होते की मूठ नुसतीच गरगर फिरायची.

"हा दिवाळीच्या आत चालू करून द्या. झाला तर लेथ राहील, वॉशिंग मशीनचं मी बघते. नाही झाला तर लेथ जाईल. आणि हे बघा, ह्याचा स्वभाव उलटा आहे. जपून करा."

"तुझ्या माहेरचं काय सरळ आहे?" वसंतराव खुशीत म्हणाले. दुर्गाबाई हसल्या नाहीत. त्यांना भाजणीचं धान्य धुवायचं होतं.

वसंतरावांना मात्र गगन ठेंगणं झालं. ह्या बाईनं लेथला दिलेलं हे पहिलं काम! गुलालवाडीतून त्यांनी शिसं नसलेलं पितळ हुडकून आणलं, फोन स्टँडला लावला आणि जुना स्क्रू हातात घेऊन चष्म्यातून बघितलं. बघतात तर काय, आटे उलटे! जगातला प्रत्येक सोऱ्या घड्याळाच्या काट्यासारखा पिळला की दाबतो. हा नेमका उलट्या बाजूनं पिळावा लागत होता.

"मंडळी, हे बघा," ते कॅमेऱ्याला म्हणाले, "ह्याला म्हणतात कारागिराची डुलकी! कासारानं आटे पाडले, पण उलटे पाडले. बिचाऱ्या बायकांनी आयुष्यभर तसाच वापरला असेल. आपण आज ही चूक दुरुस्त करणार आहोत."

आणि केली. काय सुरेख केली! चौकोनी आट्यांचा नवा स्क्रू, तसंच नवं झाकण, कुठे म्हणून खरखर नाही, मूठ फिरवली की लोण्यातून सुरी जावी तसा दाब. जुने दोन्ही भाग त्यांनी खोक्यात ठेवून दिले. व्हिडिओला नाव दिलं 'जुन्या कासाराची चूक', आणि रात्रीत तो इतका चालला की सकाळी दात घासतानाही वसंतराव फोन खाली ठेवेनात.

लेकीनं तो व्हिडिओ आईला पाठवला. दुर्गाबाईंनी तो स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला.

दुपारी वसंतरावांनी सोऱ्या फडक्यावर मांडून आणला. "घ्या, राणीसरकार. फिरवून बघा."

दुर्गाबाईंनी सोऱ्या उजव्या हातात धरला आणि मूठ डाव्या हातानं पिळली. स्क्रू खाली जायच्या ऐवजी वर आला.

"अगं, अशी नाही. उजव्या हातानं, उजवीकडे."

"ठाऊक आहे मला. सगळ्या जगाचे सोरे मी उजव्या हातानंच फिरवत आले. हा एक तसा नव्हता."

"पण कासारानं चूक..."

"तुम्ही त्या व्हिडिओत किती वेळा चूक म्हणालात, ठाऊक आहे?" दुर्गाबाईंचा आवाज चढला नाही, पण वसंतराव खुर्चीत बसले. "आई डावखुरी होती. लालबागला आमच्या चाळीत चकल्यांना सगळ्या बायका एकत्र बसायच्या नि आईची खोडी काढायच्या, मनूची चकली रडतच पडते म्हणून. आई उठली आणि कासाराकडे गेली. म्हणाली, मला उलटे आटे पाडून दे. तो म्हणाला, बाई, असं कुणी करत नाही. आई म्हणाली, मग तू कर. त्यानं केलं. पुढच्या दिवाळीला अख्ख्या चाळीत आईइतक्या भरभर कुणी चकल्या पाडल्या नाहीत. ती चूक नव्हती हो. ती माझी आई होती."

वसंतरावांनी सोऱ्यावरची 'सौ. मनू' ही अक्षरं पुन्हा एकदा वाचली.

"आणि मीही डावखुरीच आहे," दुर्गाबाई म्हणाल्या. "लग्न होऊन आले, पहिल्याच सणाला तुमच्या पानात डाव्या हातानं वाढायला गेले, तर तुमच्या आईंनी सगळ्यांदेखत माझं मनगट धरलं. त्यानंतर ह्या घरात मी डाव्या हातानं काही केलं नाही. दर दिवाळीला चकल्या झाल्या की माझा खांदा धरतो, आणि तुम्ही मला तेल आणून देता. वयामुळे होतं म्हणता."

वसंतरावांना लाज वाटली. तेल खरंच तेच आणून देत होते, दरवर्षी, मोठ्या प्रेमानं. ते उठले आणि गॅलरीत गेले. दुर्गाबाईंना वाटलं, रुसले. पण गॅलरीतून पान्ह्याचा आवाज आला.

"काय करताय?"

"गिअर बदलतोय! मधे एक जास्तीचं चाक घातलं की टूल उलटीकडून चालतं. उलटे आटे काय, मी सुद्धा पाडू शकतो! तुझा कासार एकटाच शहाणा आहे का? उद्या संध्याकाळी सोऱ्या तुझ्या हातात असेल."

"आणि त्या सगळ्या लोकांना काय सांगाल?"

"खरं ते सांगेन. घाबरतो की काय कुणाला?"

आणि सांगितलं. दुसऱ्या दिवशी फोन सुरू करून वसंतराव पहिलंच वाक्य बोलले, "मंडळी, परवा मी ज्याला कासाराची चूक म्हणालो, ती चूक नव्हती. ती माझ्या सासूबाईंची ऑर्डर होती. अडाणी कासार नव्हता, अडाणी मी होतो. आता आटे बघा." मग कापणारं टूल, पितळ पकडून फिरवणाऱ्या चकाकडून बाहेरच्या बाजूला सरकू लागलं, पितळेचा कीस उलट्या अंगानं उडू लागला, आणि वसंतरावांचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा खणखणीत झाला.

संध्याकाळी भाजणी मळून झाली, कढईत तेल तापलं. वसंतरावांनी फोन ओट्यावर लावला आणि थेट प्रक्षेपण सुरू केलं. दुर्गाबाईंनी सोऱ्यात पीठ भरलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि मूठ डाव्या हातात घेतली.

चकली पडली. एक, मग दुसरी, मग भराभर. काटे असे टोकदार की बघत राहावं. फक्त वेटोळं दरवर्षीच्या उलट बाजूनं वळत होतं. फोनवर लगेच कुणीतरी लिहिलं, "काकू, चकली उलटी वळताय!"

दुर्गाबाई आयुष्यात पहिल्यांदा त्या फोनशी बोलल्या. "उलटी नाही रे बाबा. डावी."

वसंतरावांनी फोन बंद केला. "लेथचं काय मग?" त्यांनी जरा भीतभीतच विचारलं.

"राहू दे. अवनीला सांगते, वॉशिंग मशीन तूच वापर. आणि माझ्या कात्रीचं बघा, तीही उजव्याच हाताची आहे."

मग त्यांनी गरम चकली उचलली. समोर भिंतीवर सासूबाईंचा हार घातलेला फोटो होता. दुर्गाबाईंनी त्याच्याकडे एकदा नीट बघितलं आणि डाव्या हातानं चकली नवऱ्याच्या ताटलीत वाढली.

वसंतरावांनी ती खाल्ली आणि ताटली पुन्हा पुढे केली.