नात जेवते का

रुबेनने मुलीचा कोट काढून खुंटीला अडकवला, पुन्हा काढून हातात घेतला आणि तसाच दारात उभा राहिला. एरवी तो घाईत असायचा. नोएमीच्या कपाळाची पापी घेतली की बूट वाजवत निघून जायचा.

"काही विसरलंय का?" विभावरीने विचारलं.

"नाही, मिस विभा." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "माझ्या आईला नेलं. काल. कामावरून घरी येत होती. रस्त्यात गाडी थांबवली."

"कोणी नेलं?"

"इमिग्रेशनवाल्यांनी."

समोर धिप्पाड जवान उभा होता, दंडावर त्याच्या देशाचा झेंडा शिवलेला, आणि हातात ससे छापलेला मुलीचा कोट. तिने तो कोट हळूच त्याच्या हातातून काढून घेतला.

"तू जा," ती म्हणाली. "हिची काळजी करू नकोस."

जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या जंगलाला लागून अमेरिकन सैन्याची छावणी आहे. तिथल्या पाळणाघरात विभावरी कित्येक वर्षं कामाला होती. नवरा शिरीष इथल्या मोटारींच्या कंपनीत लागला म्हणून ते पुण्याहून आले होते. मुलगा सिद्धेश शाळेत असतानाच शिरीष ऑफिसात कोसळला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपला. विभावरीचं जर्मन तेव्हा भाजी आणण्यापुरतं होतं. शेजारणीने सांगितलं, छावणीत इंग्रजी चालतं, विचारून बघ. तिने विचारलं, आणि त्यांनी घेतलं. सिद्धेशची फी, घराचं भाडं, सासूबाईंचं पुण्यातलं औषधपाणी, सगळं त्या पगारातून झालं. तिने अमेरिका कधी पाहिली नव्हती. पण कोणी विचारलं असतं, तर आपलं घर अमेरिकेने सावरलं असं ती मनापासून म्हणाली असती.

सैनिकांची मुलं दोन-तीन वर्षं राहायची आणि बापाची किंवा आईची बदली झाली की जायची. निरोपाच्या दिवशी आईबाप रडायचे. मुलं मात्र गाडीच्या काचेतून भलतीकडेच बघत असायची. विभावरीने त्याची सवय करून घेतली होती. नोएमीच्या बाबतीत ती सवय थोडी ढिली पडली. नोएमी तान्ही असतानाच तिची आई संसार सोडून अमेरिकेला परत गेली आणि रुबेन एका हातात दुधाची बाटली, एका हातात बाळ घेऊन पाळणाघराच्या दारात आला होता. बाटलीचं झाकण कसं लावतात हेही त्याला विभावरीने दाखवलं.

पुढच्या काही दिवसांत, मुलीला सोडता-नेताना, त्याने आईची गोष्ट तुकड्या-तुकड्यांनी सांगितली. तिचं नाव अल्मा. ग्वाटेमालाहून एकोणिसाव्या वर्षी आली, कागदपत्रांशिवाय. जॉर्जियात कोंबड्यांच्या कारखान्यात लागली. पट्ट्यावरून कोंबड्या येत राहायच्या आणि तिने पंख कापत राहायचे. आता तिची बोटं सरळ होत नव्हती. रुबेन तिथेच जन्मला, म्हणून जन्मतः अमेरिकन. शाळा संपल्यावर तो सैन्यात गेला तो जितका पगारासाठी, तितकाच तिच्यासाठी. सैनिकाच्या आईला कागद मिळू शकतात असं कोणीतरी सांगितलं होतं. अर्ज केला होता. उत्तर आलं नव्हतं.

"कारखान्याच्या मालकाने काही केलं नाही?" विभावरीने विचारलं.

"दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी बाई उभी केली."

नोएमीचा जन्म इथल्या अमेरिकन लष्करी दवाखान्यात झाला होता. तिने अमेरिका एका नाताळच्या सुट्टीत पाहिली होती, तेवढीच. तरी ती अमेरिकन होती. सगळं तारुण्य त्या देशाला चिकन कापून देण्यात घालवलेली तिची आजी मात्र नव्हती. विभावरी मुलांना दुपारी झोपवताना याचा विचार करायची आणि तिला त्याची संगती लागायची नाही.

अल्माला एका जागी ठेवत नव्हते. आधी जॉर्जियातच, मग मिसिसिपी, मग लुइझियाना. वकिलाने एका ठिकाणी अर्ज टाकेपर्यंत ती दुसऱ्या राज्यात गेलेली असायची. लुइझियानानंतर तर तिला कुठे नेलं ते कोणी सांगेना. रुबेन फोन करायचा, पलीकडून एक बाई अगदी गोड आवाजात सांगायची, या नावाचं इथे कोणी नाही. त्याचा वरिष्ठ अधिकारी भला माणूस होता. त्याने रुबेनच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या हातात काही नाही म्हणाला.

"मिस विभा, तुमचा मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे ना?" शुक्रवारी रुबेनने विचारलं. "असं माणूस शोधायची काही सोय असते का? त्याला विचाराल?"

रविवारी ती सिद्धेशकडे जेवायला गेली. शेजारच्या झिंडेलफिंगेन गावात त्यांनी नुकताच फ्लॅट घेतला होता. सून स्वरालीने टोमॅटोचं सार आणि मसालेभात केला होता. चार वर्षांची अन्वी ताटातले मटार बाजूला काढत होती.

"खा गं, मटार छान असतात," विभावरी म्हणाली.

"इश माग दास निश्ट," अन्वी म्हणाली, मला नाही आवडत. आजीचं मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर जर्मनमध्येच यायचं.

"सिद्धू, तुला एक विचारायचं होतं," म्हणून विभावरीने रुबेनची हकिगत सांगितली. "सारखं हलवतात रे तिला. वकील पोचेपर्यंत बाई गायब. कुठे ठेवलंय हे कॉम्प्युटरवर कळतं का काही?"

सिद्धेशने चमचा खाली ठेवला.

"अरे, तुमचं ते अमेरिकेचं नवीन प्रोजेक्ट असंच आहे ना काहीतरी?" स्वराली सहज म्हणाली. "बेडचं?"

"स्वराली, प्लीज."

"कसलं प्रोजेक्ट?" विभावरीने विचारलं.

"आल्झो... म्हणजे, आमचं सॉफ्टवेअर तुला माहितेय, आई. हॉस्पिटलचं."

माहीत होतंच. करोनाच्या दिवसांत कुठल्या हॉस्पिटलात किती बेड रिकामे आहेत आणि पेशंटला कुठे न्यायचं, हे सिद्धेशने बनवलेल्या सिस्टिमवर ठरायचं. तेव्हा त्याला जेवायची शुद्ध नव्हती. विभावरीने पुण्यातल्या प्रत्येक नातेवाइकाला फोन करून ते सांगितलं होतं.

"मागच्या वर्षी एका अमेरिकन फंडाने कंपनी घेतली," तो म्हणाला. "त्यांची तिकडे अजून एक कंपनी आहे. ती अशा जागा चालवते, लोकांना पकडून ठेवतात त्या. त्यांना सेम सिस्टिम हवी होती. किती बेड रिकामे, किती भरलेले, कोणाला कुठे शिफ्ट करायचं. दॅट्स इट."

"म्हणजे तिला तू हलवतोयस?"

"मी नाही! मला नावंसुद्धा दिसत नाहीत. नुसते नंबर."

"पण एका ठिकाणी का नाही ठेवत?"

"प्रत्येक भरलेल्या बेडमागे सरकार पैसे देतं, आई. रिकामा राहिला की लॉस. इकडे जास्त झाले की तिकडे पाठवायचे. सिस्टिम सुचवते, ते पाठवतात."

"अरे, दवाखान्यात माणूस बरा व्हायला जातो."

"मला कळत नाही का ते?" सिद्धेशचा आवाज चढला. "काय करू, नोकरी सोडू? घराचा हप्ता कोण भरणार? मी नाही केलं तर दुसरा कोणी करेल. आणि तू कुठे काम करतेस, आई? त्या छावणीतून माणसं कुठे कुठे जातात, काय करून येतात, कधी विचारलंस? त्याच पगारावर शिकलो ना मी?"

"सिद्धेश!" स्वराली म्हणाली.

अन्वी एकदा बापाकडे, एकदा आजीकडे बघू लागली. विभावरीने तिचं तोंड पुसलं, ताटात काढून ठेवलेले मटार आपल्या ताटात घेतले आणि खाल्ले.

"खरं आहे तुझं," ती म्हणाली. "मी कधी विचारलं नाही."

जेवण झाल्यावर तो गाडीने सोडतो म्हणत होता. ती बसने गेली.

मंगळवारी दुपारी त्याचा फोन आला. मागे वाऱ्याचा आवाज येत होता. ऑफिसबाहेर कुठेतरी उभा होता.

"त्या बाईंना कुठून कुठे नेलं, परत सांग."

तिने सांगितलं.

"लुइझियानानंतर पत्ता नाही? गेनाऊ, बरोबर. तेच वाटलं मला. तिथेच जवळ एक जागा आहे, धावपट्टीला लागून. तिथे आणलेल्यांना फार दिवस ठेवत नाहीत. विमान भरलं की पाठवतात. वकिलाला म्हणावं, अर्जबिर्ज राहू दे, आधी तिथे जाऊन उभा राहा. नाव मेसेज करतो."

"रुबेनने विचारलं, तुमच्या मुलाला कसं कळलं, तर काय सांगू?"

"तुला वाटेल ते सांग," सिद्धेश म्हणाला आणि फोन बंद झाला.

रुबेनने विचारलंच. विभावरी खोटं बोलायचं ठरवून आली होती. पण तो समोर उभा राहिला आणि तिला जमलं नाही. "तिथल्या खाटांचा हिशोब ज्याच्यावर चालतो, ते त्याच्या ऑफिसात बनतं," ती म्हणाली. "त्याने बनवलंय."

शेजारच्या खोलीत मुलं ठोकळ्यांचा मनोरा पाडून ओरडत होती.

"मला टेक्सासात पाठवलं होतं, नोएमीच्या जन्माच्या आधी," रुबेन म्हणाला. "सीमेवर, नदीकाठी. काटेरी तार ओढायचो आम्ही. दिवसभर. आईला मी सांगितलं होतं, ट्रेनिंगला चाललोय." मग त्याने कागदावर लिहून घेतलेलं त्या जागेचं नाव पुन्हा एकदा वाचलं. "तुमच्या मुलाला थँक यू सांगा," म्हणाला आणि फोन लावत बाहेर गेला.

अल्मा तिथेच होती. सुटका होणार नव्हती, ते वकिलाने पहिल्याच दिवशी सांगितलं. पण तो दारात जाऊन बसला म्हणून तिला एक फोन करायला मिळाला. फोन आला तेव्हा रुबेन मुलीला न्यायला आलेला होता. त्याने भिंतीला टेकून स्पॅनिशमध्ये बोलायला सुरुवात केली, हळूहळू खाली बसला, आणि लहान मुलांच्या त्या बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बोलत राहिला. मग त्याने नोएमीला हाक मारली. नोएमी बाहुलीला कपडे घालत होती.

"आजी आहे. बोल."

"नंतर," नोएमी इंग्रजीत म्हणाली.

"नंतर नाही, बाळा. आत्ता."

"नंतर!" ती पाठ वळवून बसली.

रुबेनने तिला ओढलं असतं. विभावरीने मान हलवून त्याला थांबवलं. तेवढ्यात पलीकडून काहीतरी म्हटलं गेलं आणि त्याने फोन तिच्यापुढे धरला. "तुमच्याशी बोलायचंय म्हणते."

"हॅलो?" विभावरी म्हणाली.

"तू... माझी नात बघते? रोज?" अल्माचं इंग्रजी मोडकंतोडकं होतं, आवाज घोगरा.

"हो. रोज."

"खाते ती? नीट?"

"खाते. भात आवडतो तिला. केळंही."

"चिकन देते तेव्हा बघ. बारीक हाड असते. दिसत नाही. बोटाने बघ."

"बघते. मी बघूनच देते."

"गुड," अल्मा म्हणाली. "गुड. तुला मुलं आहेत?"

"एक मुलगा आहे," ती म्हणाली. त्यानंतर पलीकडे कसलीशी घोषणा झाली, अल्माने मुलाचं नाव घेतलं, आणि फोन कटला. रुबेनने तो बराच वेळ कानाला लावून ठेवला.

संध्याकाळी सिद्धेशने फोन करून विचारलं, "बोलल्या का त्या?"

"बोलली."

"काय म्हणाल्या?"

"नात जेवते का विचारत होती."

तो म्हणाला, "मी बॉसला म्हटलं, मला परत हॉस्पिटलच्या टीममध्ये टाका. ती टीमच बंद करतायत, आई. त्यात प्रॉफिट नाही म्हणे."

"मग?"

"मग काय. आहे तिथेच." मग त्याने विचारलं, "रविवारी येशील ना?"

"येईन," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात रुबेनने सांगितलं, आई पोचली. गावी तिचं घर राहिलं नव्हतं, एका चुलत बहिणीकडे उतरली होती. तिला तिथले रस्ते आठवत नव्हते आणि शेजारी तिला अमेरिकन बाई म्हणत होते. एवढं बोलून त्याने नोएमीला कोट घातला. तिचे हातमोजे सापडत नव्हते, ते शोधण्यात वेळ गेला. विभावरीला ते कपाटामागे सापडले तेव्हा दोघं बाहेर पडली होती. ती हातमोजे घेऊन मागोमाग गेली.

छावणीत रोज पाच वाजता भोंग्यांवरून बिगुल वाजतं आणि चौकातला झेंडा खाली उतरवतात. तेवढा वेळ जो जिथे असेल तिथे थांबतो. गाड्या रस्त्यातच उभ्या राहतात. गणवेशातली माणसं झेंड्याकडे तोंड करून सलाम करतात. बिगुल सुरू झालं तेव्हा रुबेन गाडीपाशी पोचला होता. त्याने मुलीच्या कपड्यांची पिशवी ओल्या डांबरावर ठेवली, टाचा जुळवल्या आणि हात कपाळाशी नेला. विभावरी दोन पावलं मागे थांबली.

बिगुल संपलं. गाड्या सुरू झाल्या, लोक चालायला लागले. रुबेनचा हात खाली आला नाही. तो वाटेतच उभा असल्याने मागची गाडी अडली होती. ती चालवणारी तरुण शिपाई बाई काचेतून त्याच्याकडे बघत होती. तिने हॉर्न वाजवला नाही. नोएमी बापाच्या पँटची शिवण धरून ओढत होती. विभावरी वाकली आणि तिचा एकेक हात घेऊन मोजे चढवू लागली, आधी अंगठा, मग बाकीची बोटं, शक्य तितक्या सावकाश.