दोन्ही टोकांना उत्तर

मित्रांनो, मी एक जुना पट्टी-चुंबक आहे. मुक्काम डोणगाव, शाळेच्या विज्ञानाच्या कपाटातला सगळ्यात खालचा कप्पा. वय विचारू नका. कपाटातल्या बरणीतला बेडूक माझ्यानंतर आला आणि तोसुद्धा आता पांढरा पडला आहे, यावरून काय ते समजा.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोलादाची एक पट्टी घेतली, लालबुंद होईपर्यंत तापवली, तेलात बुडवून टणक केली. मग मला तांब्याच्या तारेच्या गुंडाळीत निजवलं आणि त्या तारेतून एका दिशेने वीज सोडली. अहो, काय सांगू! तोपर्यंत माझ्या अंगातले बारीक बारीक चुंबक आठवडी बाजारातल्या माणसांसारखे वाटेल तिकडे तोंड करून उभे होते. वीज आली आणि सगळे प्रार्थनेच्या रांगेत उभे राहिल्यासारखे एका दिशेला वळले. मी चुंबक झालो. माझ्या उत्तर ध्रुवाला लाल रंग लागला, दक्षिण ध्रुवाला निळा, आणि मी डब्यात बसून शाळेत आलो.

सुरुवातीची वर्षं माझी ऐटीत गेली. दोऱ्याने टांगलं की मी डुलत डुलत उत्तर-दक्षिण थांबायचो आणि पोरं टाळ्या वाजवायची. टाचण्यांच्या ढिगात शिरलो की दोन्ही टोकांना दाढी फुटायची. पोटाशी मात्र टाचणी चिकटायची नाही. चुंबकाचा जोर टोकांना असतो, मधे नसतो, हे मी किती वर्गांना शिकवलं असेल त्याचा हिशेब नाही. रात्री माझ्या टोकांशी मऊ लोखंडाचे तुकडे लावून मला डब्यात ठेवत, म्हणजे माझी शक्ती टिकून राहायची.

मग शाळेत शिपाई म्हणून शेषरावभाऊ आले. माणूस सोन्यासारखा, पण त्यांचं एक ठाम मत होतं. ते म्हणत, चुंबक म्हणजे शेवटी लोखंडच, अन् लोखंडाले काय होते? या एका मताने माझं वाटोळं केलं. डब्यातले ते मऊ लोखंडाचे तुकडे खिडकीच्या फटीत गेले. सव्वीस जानेवारीच्या फलकाचे खिळे माझ्याने ठोकले गेले. आणि एकदा खिचडीचं पातेलं चुलीवर डगमगत होतं, म्हणून शेषरावभाऊंनी टेकू म्हणून मलाच चुलीत सारलं. तासभर! चुंबकाला आपटू नये आणि तापवू नये, असं सातवीच्या पुस्तकात छापलेलं आहे. शेषरावभाऊंनी दोन्ही गोष्टी केल्या, आणि वर खिचडी छान झाली म्हणून सांगितलं. माझ्या अंगातली रांग मोडली ती मोडलीच.

त्यानंतर एक दिवस मेहकरच्या तालुका विज्ञान प्रदर्शनाचं पत्र आलं. शाळेतून एकच प्रयोग जाणार होता. विज्ञानाच्या सुधाकर सरांनी सातवीतल्या योगिनीला निवडलं, कारण तिला चुंबकाचे गुणधर्म तोंडपाठ नव्हते, तर समजलेले होते. सरांनी मला कपाटातून काढलं, रंग दिला, टाचण्यांत बुडवलं. दोन टाचण्या आल्या. तिसरी अर्ध्या वाटेवरून परत गेली. सर म्हणाले, हा मेला. आता वर्गातल्या प्रज्वलचा ज्वालामुखी पाठवू.

मित्रांनो, ज्वालामुखीबद्दल मला आकस नाही. पण खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर ओतून फेस काढायचा, यात काय ते विज्ञान? मागच्या वर्षी मेहकरला असे सहा ज्वालामुखी होते म्हणे.

योगिनी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, माहे बाबा करून देतात. जळालेल्या मोटरी जित्या करतात ते. हा तं नुसता चुंबक हाये."

वर्ग फिदीफिदी हसला. तिचे बाबा भगवानराव मेहकर रोडला मोटार वाइंडिंगचं दुकान चालवत. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी आणायच्या, काळी पडलेली तार उपसायची, नवी भरायची, हे त्यांचं काम. शाळेत मात्र ते कधी पाऊल टाकत नसत. पालकसभेला प्रज्वलचे वडील इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या बाकावर बसत, आणि भगवानराव पोरीला फाटकाशी सोडून हात मागे लपवत परत फिरत. सातवीत शाळा सुटली होती त्यांची. मास्तर दिसले की त्यांना अजूनही आपण काहीतरी चुकलोय असं वाटायचं. योगिनीला मेहकरला जायचं होतंच, पण त्याहून जास्त तिला तो हसणारा वर्ग गप्प करायचा होता. सरांनी शनिवार सकाळपर्यंत मुदत दिली.

असा मी शुक्रवारी शाळा सुटल्यावर दुकानात पोचलो. भगवानरावांनी मला उलटंपालटं करून पाहिलं, अंगावर कागद गुंडाळला आणि वार्निश चढवलेल्या तांब्याच्या तारेचं टोक धरलं. योगिनीने विचारलं की तारेची टोकं भिंतीवरच्या बोर्डात लावायची का. तेव्हा तो अबोल माणूस एकदम कडाडला.

"खबरदार! घरातल्या लाइनीची दिशा सेकंदाले शंभर डाव पलटते. चुंबक तं बनणार नाहीच, अन् तू मरशील ते येगळंच. याले बॅटरी लागते. एकाच दिशेनं जाणारी वीज."

हे झकास बोलले. माझा जीव भांड्यात पडला. आणि नेमकं त्याच वेळी दुसरबीडचा एक शेतकरी मोटार घेऊन आला. भगवानराव त्याच्याशी बोलू लागले, मोटार किती पाण्यावर होती, जळायच्या आधी कशी गुरगुरली, आणि इकडे त्यांचे हात माझ्यावर तार गुंडाळत राहिले. तोंड एकीकडे, हात एकीकडे. हात बिचारे आयुष्यभर जे करत आले तेच करत होते.

मग ट्रॅक्टरची बॅटरी आणली. तारेचं एक टोक पक्कं लावलं, दुसरं क्षणभर टेकवलं आणि उचललं. ठिणगी उडाली. अंगात जोर तर असा भरला की विचारू नका, पण पोटात काहीतरी भलतंच झाल्यासारखं वाटलं. तार सोडवून मला खिळ्यांच्या डब्यात घातलं, तर दोन्ही टोकांना मूठमूठ खिळे. आणि पोटालासुद्धा!

भगवानराव खूश होऊन म्हणाले, पाह्य, हा तं पोटानंही ओढते. योगिनीही खूश. मला ओरडून सांगावंसं वाटलं की अरे बाबांनो, चुंबकाने पोटाने ओढायचं नसतं. पण मला तोंड कुठे आहे? दुकानात चुंबकसूचीही नव्हती, नाहीतर तिथेच उजेड पडला असता.

शनिवारी सकाळच्या एसटीने सगळे मेहकरला निघाले. सरांच्या मांडीवर एक मोठी थैली होती. असू द्या म्हणून त्यांनी ज्वालामुखी बरोबर घेतला होता, आणि ज्वालामुखीबरोबर प्रज्वल. योगिनीने हट्ट धरून बाबांनाही आणलं होतं. त्यांनी ठेवणीतला शर्ट घातला होता आणि दोन्ही हात खिशात कोंबले होते.

प्रदर्शनात आमच्या टेबलाशी रेवती मॅडम आल्या. परीक्षक. चष्म्यावरून बघणाऱ्या. योगिनी घडाघड बोलू लागली. सजातीय ध्रुव एकमेकांना ढकलतात, विजातीय ध्रुव ओढतात. तिने माझं लाल टोक चुंबकसूचीजवळ नेलं. सूचीचं उत्तर टोक झटकन दूर पळालं. उत्तराने उत्तराला ढकललं, बरोबर. मग तिने मला फिरवलं आणि निळं टोक पुढे केलं. आता सूचीने ओढलं जायला हवं होतं. पण सूचीचं उत्तर टोक पुन्हा पळालं!

योगिनीने परत करून पाहिलं. लाल, निळं, लाल, निळं. सूची दोन्हींकडून पळत होती. तिने मला दोऱ्याने टांगलं, तर मी उत्तर-दक्षिण सोडून भलतीकडेच थांबलो. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! भोवतीच्या पोरांत खसखस पिकली. माझी तर अशी लाज गेली की पुन्हा चुलीत घाला म्हणावं.

रेवती मॅडम म्हणाल्या, हा चुंबक बिघडलेला आहे, दुसरं काही असेल तर दाखवा. सुधाकर सरांनी प्रज्वलला डोळ्याने खुणावलं. थैलीची गाठ सुटली. ज्वालामुखीचा शेंडा बाहेर आला आणि व्हिनेगरची बाटली टेबलावर बसली.

तेव्हा मागून आवाज आला. "पोरीची चूक नाही म्याडम. चुंबक म्या बनवला. माहीच चूक झाली असंन." भगवानराव मान खाली घालून दाराकडे वळलेसुद्धा.

योगिनीचे डोळे भरले होते. तिने मनात आणलं असतं तर हो म्हणून मोकळी झाली असती, सगळ्यांनी मान्य केलं असतं आणि ज्वालामुखी लागला असता. पण तिने मला हातात घट्ट धरलं आणि विचारलं, "बाबा, थांबा. तुमी तार कशी गुंडाळली होती?"

"जशी मोटरले गुंडाळतो तशी," ते म्हणाले. "अर्धी सुलटी, मंग अर्धी उलटी."

योगिनीने मला मुठीत आडवं फिरवलं. तिने माझं पोट सूचीजवळ नेलं. सूचीचं उत्तर टोक धावत येऊन पोटाकडे वळलं. मग तिने माझ्यावर कागद ठेवला, वर लोहकीस भुरभुरला आणि बोटाने टिचकी मारली. कीस तीन ठिकाणी गोळा झाला, दोन्ही टोकांना आणि मधोमध.

मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "नुसता उत्तर ध्रुव असलेला चुंबक असतो का गं?"

"नाही मॅडम. उत्तर असलं की दक्षिण कुठं ना कुठं असतेच. दोन्ही टोकं उत्तर निघाली, म्हणून मी दक्षिण शोधला. तो पोटात सापडला. तार अर्ध्यात उलटी फिरली, तर वीजही उलटी फिरली. म्हणून या एका पट्टीत दोन चुंबक झाले."

खसखस केव्हाच थांबली होती. प्रज्वलने बाटलीचं झाकण परत लावलं, न सांगता. मॅडम दाराकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही पुढे या. मोटारीत अर्धी तार उलटी का घेता, ते मुलांना सांगा."

भगवानराव पुढे आले. मग हात खिशातून बाहेर आले, काळे, चिरा पडलेले, आणि हात बाहेर आल्यावर तोंडही उघडलं. शेजारशेजारचे ध्रुव सारखेच ठेवले तं रोटर, म्हंजे मोटरीतलं फिरतं चाक, जागचं हालणार नाही, ते सांगू लागले. एकानं ओढा लागते, दुसऱ्यानं ढकला लागते, तवा ते फिरते अन् विहिरीतलं पाणी वर येते. ते बोटांनी हवेत तार गुंडाळून दाखवत होते आणि पन्नास पोरं त्यांच्या बोटांकडे बघत होती. सुधाकर सर वहीत लिहून घेत होते. मी पाहिलं.

दुसरा नंबर आला. पहिला कुणाचा, ते मी सांगणार नाही. फेस येत होता, एवढं पुरे. प्रज्वलला त्याचा फार राग आला, कारण आपला त्याहून मोठा होता आणि थैलीतच राहिला.

निकालाआधी एक कागद भरायचा होता. त्यात मार्गदर्शकाचं नाव असतं. सरांनी सवयीने स्वतःचं लिहिलं, थांबले, माझ्याकडे पाहिलं, आणि खोडून भगवानरावांचं लिहिलं. पुढच्या रकान्यात शैक्षणिक पात्रता विचारली होती. भगवानराव हळूच म्हणाले, "सातवी. तेही पुरी नाही. सर, तुमचंच नाव राहू द्या."

रेवती मॅडमनी कागद आपल्याकडे ओढला, किती वर्षं हे काम करता ते विचारलं, आणि त्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं: मोटार वाइंडिंग, बावीस वर्षे. भगवानराव तो कागद बराच वेळ वाचत उभे राहिले.

आता मी पुन्हा कपाटात आहे. भगवानराव मला सरळ करून द्यायला दोनदा आले, थेट वर्गात आले, पण सर देत नाहीत. दरवर्षी सातवीला मी असाच दाखवला जातो. शेषरावभाऊंनी माझ्या डब्यावर चिठ्ठी लावली आहे, याने खिळे ठोकू नये. स्वतःलाच लिहिली असावी.

तर मित्रांनो, एका म्हाताऱ्या चुंबकाचं एवढं ऐका. आम्हाला आपटू नका, तापवू नका, डब्यात नीट ठेवा. बोर्डातल्या विजेशी खेळू नका. आणि घरातल्या माणसाच्या हातून काम चुकलं, चार लोक हसू लागले, तर मान फिरवू नका. त्यानं ते कसं केलं, ते त्यालाच विचारा. सांगताना आपला बाप केवढा दिसतो, ते योगिनीने त्या दिवशी पाहिलं, आणि टेबलावर पडल्या पडल्या मीही पाहिलं.