मोकळी चाकं

कमलाकांतांनी लाकडी हातोडा मोटारीच्या ब्रेक-ड्रमच्या कडेवर हलकेच मारला आणि मान वाकडी करून आवाज ऐकला. थोडे सरकले, पुन्हा एक.

"जरा जोरात मारू का, बाबा?" राजसने विचारलं.

"बिडाचा आहे तो. तडकेल. आत ब्रेकशू गंजून चिकटलेत. त्यांना वाटलं पाहिजे, आपण आपल्या मर्जीनंच सुटतोय."

राजस खळखळून हसला. जिन्याच्या पायरीवर उभ्या वासंतीबाईंना ते हसू ऐकवेना.

गिरगावातल्या त्या इमारतीच्या मागे जुनी मॉरिस सासऱ्यांच्या काळापासून होती. गेली कित्येक वर्षं तर नुसतीच उभी. चौपाटीच्या खाऱ्या हवेनं चारही चाकं जाम केली होती. आता इमारत पाडायची होती. दादरला भाड्यानं घेतलेल्या जागेत गाडीला थारा नव्हता, आणि कमलाकांत तो विषयच काढू देत नव्हते. शेवटी वासंतीबाईंनीच मुलाला फोन केला. राजसनं गाडी विकत घेणारा पुण्याचा एक हौशी माणूस शोधला. त्याचं म्हणणं एवढंच, की ट्रकवर चढवायची तर चाकं फिरायला हवीत.

"मग एखादा मेकॅनिक आणतो," राजस म्हणाला होता.

"दुसऱ्या कुणाला ते हात लावू देतील का? तूच ये. म्हणावं, गाडी सुरू करू या. तू म्हटलंस तर बसतील."

"आई, हे बरं नाही."

"मग तू सांग त्यांना सरळ," त्या म्हणाल्या होत्या. शनिवारी सकाळी राजस आला होता.

बापलेकांचं बोलणं घर वेगळं झाल्यापासून फोनवरच्या 'आई आहे का?' आणि 'देतो' एवढ्यावर आलं होतं. आणि आता दोघं एकाच गोणपाटावर मांडी घालून बसले होते. कमलाकांत तेल सोडत होते, कुठला नट आधी सैल करायचा ते सांगत होते. मधेच त्यांनी राजसच्या कपाळावरचा काळा डाग आपल्या बाहीनं पुसला. चाळिशीचा राजस लहान मुलासारखा मान पुढे करून बसला.

रविवारी दुपारी शेवटचा ड्रम सुटला. तपकिरीसारखी गंजाची पूड भसकन खाली आली. सगळं साफ करून पुन्हा बसवल्यावर कमलाकांतांनी चाकाला बोटानं ढकललं. चाक फिरलं, फिरतच राहिलं.

"बघितलंस गं?" ते ओरडले.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी राजसला ठेवून घेतलं. स्वतः दोनदा भात मागून घेतला. इंजिनाचं पुढच्या रविवारी बघू म्हणाले. "येशील ना रे?"

राजसनं ताटातली कोशिंबीर चिवडली.

ओट्यापाशी वासंतीबाई हळूच म्हणाल्या, "नको देऊ या गाडी."

"त्यानं पैसे भरलेत, आई. ट्रक सकाळी येतोय. आणि ठेवणार कुठे?"

त्यांनी नळ मोठा सोडला.

सकाळी ट्रक मागच्या फाटकातून आत आला. फळ्या लागल्या, दोन माणसं गाडीला दोर बांधू लागली. कमलाकांत बनियनवरच खाली धावले. मागोमाग वासंतीबाई. राजस तिथेच उभा होता.

"कुणाला विचारून?"

"मी विकली, बाबा."

कमलाकांतांनी गाडीकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे. नखांत अजून काळं होतं.

"म्हणून बसलास होय दोन दिवस माझ्यापाशी."

राजसनं आईकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. वासंतीबाईंचे ओठ हलले. पदराचं टोक त्यांनी बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. राजस तेवढा वेळ थांबला.

"हो," मग तो वडिलांना म्हणाला. "म्हणूनच."

गाडी फळीवर चढताना जराही कुरकुरली नाही. कमलाकांतांनी तिकडे पाठ केली, वासंतीबाईंजवळ आले आणि त्यांच्या दंडाला धरलं.

"चल वर. तुला नाही बघवायचं हे." जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ते दम घ्यायला थांबले. "आणि ऐक. यापुढे त्याचं पान माझ्या पंक्तीला मांडायचं नाही."

"बरं," वासंतीबाई म्हणाल्या.