बीम का वाजतो

सून सुतार आणि सासरे वेल्डर, त्यामुळे त्या घरात लाकूड आणि लोखंड यांचं रोज वाजायचं. पण माडीवरची नवी खोली दोघांनी मिळून बांधली. तिच्याखाली, बैठकीच्या छताला द्यायचा अख्खा लोखंडी बीम दारातून आत येईना, म्हणून सासऱ्यांनी तो दोन तुकड्यांत आणून मधोमध वेल्डिंगने जोडला. सुनेने बीमच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत जाड लाकडं बसवली, आरपार बोल्ट घालून पान्याने आवळली आणि त्या लाकडांवर वरच्या जमिनीचे वासे टेकवले. एवढ्यावर थांबेल तर ती सून कसली! बैठकीत लोखंड दिसलं की घराचं गोदाम होतं, असं म्हणत तिने लगेच बीमला खालून-बाजूने गुळगुळीत फळ्या ठोकल्या. सासऱ्यांना ते लागलं.

काही महिने बरे गेले. मग माडीवर कुणी चाललं की खाली बीम वाजायला लागला. टक्क.

"जोड सुटतोय," सासरे म्हणाले. "डोळ्यांच्या ऑपरेशननंतर मी मशीन हातात धरायलाच नको होतं."

त्यांनी बैठकीच्या मधोमध खांब द्यायचं ठरवलं आणि वेल्डिंगचं मशीन एका जुन्या सोबत्याला देऊन टाकलं. तो उद्या न्यायला येणार होता. पुसून-झटकून दाराशी ठेवलेलं ते मशीन सुनेला बघवेना. शिवाय एक प्रश्न तिचं डोकं खात होता. जोड तुटायचा तर तुटेल, पण पावलागणिक टक्क कशाला करेल?

तिने सासूबाईंना माडीवर पाठवलं आणि स्वतः टेबलावर चढून फळीला कान लावला.

"आई, खिडकीकडे चला."

"अगं, गुडघे माझे आहेत, भाड्याचे नाहीत!" सासूबाई करवादल्या, पण चालल्या.

टक्क. आवाज खिडकीकडून आला. दाराकडे चालल्या, तर दाराकडून. मधोमध, जिथे जोड होता, तिथे काहीच नाही. सुनेला आता राहवेना. आत बघायचं तर फळ्या काढायला हव्यात, आणि त्या फळ्यांचं कौतुक तर येणारा-जाणारा करत होता. तरी तिने पटाशी घुसवली. पहिलीच फळी उभी चिरली.

आतल्या नटाला तिने हात लावला, तर तो दोन बोटांनी फिरला. बाकीच्या फळ्या काढल्या, तर सगळे नट तसेच. लाकूड ओलं असताना तिने बोल्ट आवळले होते. नंतर ते वाळलं, बारीक झालं आणि बोल्टवर हलायला लागलं. असं होतं हे तिला काय ठाऊक नव्हतं? लाकूड वाळलं की पुन्हा पाना फिरवायचा, मगच झाकायचं. पण तिला नटवण्याची घाई झाली होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचा जोड ठणठणीत आहे. माझे बोल्ट ढिले पडलेत."

"माझं मन राखायला सांगू नकोस."

"मग या आणि बघा."

सासरे टेबलावर चढले. जोडावरून त्यांनी अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा उलटा. कुठे चीर नव्हती. मग पाना मागून घेऊन त्यांनी एकेक नट स्वतः आवळला. सून दिवा धरून उभी राहिली.

"आता चाल गं," त्यांनी वर हाक मारली.

सासूबाई चालल्या. बीम वाजला नाही.

सासऱ्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते बाहीने पुसले आणि पुन्हा वर ओरडले, "त्याला फोन कर! मशीन न्यायला येऊ नकोस म्हणावं!"

वर सासूबाई गुडघे विसरून फोनकडे धावल्या. खाली दोघं माना वर करून ऐकत होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं दणदणली, आणि दुसरा कसलाच आवाज आला नाही.