अनुभवाचा रकाना

टाचणी काढली तरी तिचा डाग राहिला होता, पदवीच्या कागदाच्या डाव्या कोपऱ्यात, तांबूस, मुंगीएवढा... त्याने नखाने खरवडून पाहिला, तो आणखी पसरला, मग त्याने खरवडणं सोडलं. बावीस वर्षं हा कागद कपाटात पडून होता आणि कुणीही तो मागितला नव्हता. प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला पदवी लागत नाही. बाटल्या कुठल्या फळीवर, कशात काय मिसळायचं, कशात काय कधीच मिसळायचं नाही, फुटलेली काच हाताने उचलायची नाही, एवढं आलं की झालं. पदवी त्याच्याकडे उगीचच होती – एखाद्याच्या घरात न वाजणारी पेटी असावी तशी.

आता तो कागद मागितला होता. माध्यमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा, पदवीनंतरचा, एक वर्षाचा अभ्यासक्रम. अर्ज चार पानी. आज चार वाजेपर्यंत टपालात पडायला हवा, नाहीतर पुढच्या वर्षी. आणि पुढच्या वर्षी वयाची अट ओलांडलेली. म्हणजे आजच. तीन पानं भरून झाली होती. चौथ्या पानावर दोन गोष्टी उरल्या होत्या. एक, ‘मला शिक्षक का व्हायचे आहे’ यावर तीनशे शब्द. दुसरी, त्याखालचा एक रकाना, बोटभर उंचीचा – ‘अध्यापनाचा अनुभव असल्यास’.

टेबलाच्या पलीकडे सासूबाई मटार सोलत होत्या. मुलगी वर्षापूर्वी वारली तरी त्या इथेच राहिल्या होत्या. राहा असं त्याने म्हटलं नव्हतं आणि जाते असं त्यांनी म्हटलं नव्हतं.

“वाचा बघू काय लिहिलंय ते,” त्या म्हणाल्या.

त्याने वाचलं. बावीस वर्षे माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी. रसायनांची हाताळणी, साठवण व नोंद. वर्गापूर्वी प्रत्येक प्रयोग स्वतः करून पाहण्याची सवय...

“संपलं?”

“हो.”

“बाटलीवरची चिठ्ठी वाटते,” सासूबाई म्हणाल्या. “थंड जागी ठेवा, लहान मुलांपासून दूर ठेवा, एवढंच राहिलंय.”

त्याला हसू आलं. त्याही हसल्या, आणि मग त्यांचे हात थांबले.

“एक विचारू? राग मानू नका. हे वेड तुमचं की तिचं?”

त्याने पेनाला टोपण लावलं.

“तिचं असेल तर राहू द्या. तिच्यासाठी म्हणून काही करायचं राहिलेलं नाही आता. मी आई आहे तिची, मी सांगते. आणि तुमचं असेल तर माझ्याकडे बघून थांबू नका. मला काय धाड भरलीय! पण नक्की करा बाबा. सत्तेचाळिसाव्या वर्षी दप्तर घेऊन निघायचं, तेही दुसऱ्या गावी... ती खोलीही सोडायची...”

ती खोली. त्या बरोबर तिथेच बोट ठेवतात. घर सोडायचं त्याला एवढं काही वाटत नव्हतं. घरात ती दमून यायची, झोपायची, कपडे वाळत टाकायची. पण प्रयोगशाळेत ती शिकवायला उभी असायची. वर्षभर गेलो की तिथे दुसरा माणूस येणार, तो फळ्या बदलणार, आम्लं खाली घेणार – घेईलच, उंच माणूस असला तर नाही घेणार – आणि मग ती कुठे उभी असायची हे सांगायला टेबलसुद्धा त्या जागी राहणार नाही.

शाळेकडे चालताना तो तीनशे शब्दांचा विचार करत होता, म्हणजे खरं तर करत नव्हता. रस्त्यावर धुकं होतं. फाटक उघडं असलेल्या घरांतून माणसं बाहेर येत होती आणि धुक्यात शिरताच सावकाश होत होती, पाण्यात उतरल्यासारखी. त्याला वाटलं, आपणही मागचं वर्षभर असेच चालतो आहोत. कुणी हाक मारली की आवाज येतो, पण कुठल्या बाजूने ते कळत नाही.

का व्हायचंय मला शिक्षक? ...मला माहीत असतं तर मी लिहिलं नसतं का? मला एवढंच आठवतं की ती जायच्या आदल्या वर्षी तिचा आवाज गेला. आधी बसला, मग फाटला, मग गेलाच. डॉक्टर म्हणाले, घशावर जोर द्यायचा नाही, कुजबुजीपेक्षा मोठं बोलायचं नाही. दुसरी कुणी असती तर रजा घेतली असती. ती म्हणाली – कुजबुजून म्हणाली – तू आहेस ना. आणि दुसऱ्या दिवशी टेबलाच्या उजव्या बाजूला तिने स्टूल ओढून घेतलं. ती माझ्या कानाशी वाकून वाक्य सांगायची, मी ते मोठ्याने वर्गाला सांगायचो. आठ महिने. पोरांना आधी गंमत वाटली. एकजण म्हणाला, काका, तुम्ही बाईंचे लाउडस्पीकर. वर्ग हसला, तीही हसली, आवाज न करता, खांदे हलवत. नंतर सगळ्यांना सवय झाली. वर्ग गप्प राहायचा, कारण तिचं बोलणं मला ऐकू यायला हवं होतं. तेवढा शांत वर्ग मी बावीस वर्षांत पाहिला नाही.

तो आवाज माझा होता. वाक्यं तिची. मग त्या रकान्यात काय लिहू?

मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत तो शिफारसपत्रावर सही घ्यायला गेला तेव्हा पहिली घंटा होऊन गेली होती. बाई जाड होत्या, चष्मा कपाळावर चढवून तो शोधत बसायच्या, आणि शाळेतल्या प्रत्येकाची आई असल्यासारख्या बोलायच्या.

“बसा. काकाचे सर होणार तर तुम्ही.”

“अजून काही नक्की नाही.”

“मग काय माझी शाई फुकट गेली?” त्यांनी पत्र पुढे सरकवलं आणि अर्जाचं चौथं पान आपल्याकडे ओढलं. “हे कोरं का?”

“तीनशे शब्द होत नाहीत.”

“ते होतील. हे विचारतेय मी.” त्यांचं बोट रकान्यावर होतं. “आठ महिने लिहा. मी शिक्का मारते.”

“ते माझे नाहीत, बाई. मी नुसता बोलत होतो. सांगत ती होती.”

बाईंनी चष्मा कपाळावरून काढला, पुसला, पुन्हा कपाळावरच ठेवला.

“ते थेंबाथेंबाने मोजायचं टायट्रेशन तुम्ही शिकवलंत, आठवतं? मी बाहेर व्हरांड्यात होते. तुम्ही पोरांना म्हणालात, गुलाबी रंग दिसला म्हणून खूश होऊ नका, तो जाणार आहे. हलवा, तो जाईल. थेंब टाका, पुन्हा येईल, पुन्हा जाईल. जो जात नाही त्याची वाट बघा.”

“हो. तिचं वाक्य आहे ते.”

“नाही हो.”

बाहेर कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. तो आवाज थांबेपर्यंत बाई थांबल्या.

“तिचं वाक्य मी दहा वर्षं ऐकलंय. ‘अर्धं मिनिट रंग टिकला की आकडा लिहा.’ बस्स, एवढंच म्हणायची ती. नेमकी बाई होती. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत इथे आली, तुम्ही बसलात त्याच खुर्चीत बसली, आणि हसायला लागली. आवाज नाही काही नाही, डोळ्यांतून पाणी. म्हणाली, मी एक सांगते, तो चार बोलतो. म्हणाली, हल्ली कित्येक दिवस मी काही सांगतच नाही. नुसती त्याच्या बाजूला वाकते.”

त्याने समोरचं पत्र उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

“मी म्हटलं, मग सांग की त्याला! तर म्हणाली, नको. कळलं तर थांबेल तो.” बाईंनी शिक्का उचलला, शाईच्या डबीवर टेकवला, पण मारला नाही. “म्हणून मीही सांगितलं नाही आजवर. चुकलं असेल माझं. तुम्ही लिहा, मग मारते. मी चारपर्यंत आहे.”

प्रयोगशाळेत दुसऱ्या तासाला वर्ग नव्हता. तो आत आला, दार लोटलं, आणि सवयीने टेबलाच्या डाव्या बाजूला उभा राहिला – मदतनिसाची जागा, तबक पुढे करायची. मधली जागा रिकामी. उजवीकडे स्टूल.

नुसती वाकते.

पण मला ऐकू येत होतं. त्याने आठवून पाहिलं, अगदी मन लावून, जसं तो भरलेल्या नळीतला आकडा वाचताना डोळा पाण्याच्या पातळीला आणतो तसं. कानाशी ऊब. केसांना लावायच्या तेलाचा वास. ओठ उघडताना होतो तो बारीकसा आवाज. आणि मग... मग शब्द असायला हवेत. शब्दांच्या जागी त्याला वर्गातले चेहरे दिसत होते. तिसऱ्या बाकावरची चष्म्याची मुलगी, जिला काहीही पटायचं नाही. तिच्याकडे बघितलं की वाक्य आपोआप वेगळ्या बाजूने सुरू व्हायचं. ते वाक्य कुठून यायचं? त्याला वाटायचं, उजव्या कानातून.

त्याला एकदम राग आला. तिचा. म्हणजे ती गेली ती त्या दिवशी नव्हे, त्याच्या आधीच कितीतरी दिवस ती गप्प झाली होती, आणि मी तिच्या शेजारी उभा राहून बडबडत होतो. तिचं वर्गातलं शेवटचं वाक्य कुठलं ते मला ठाऊक नाही. कुणाला ठाऊक नाही. कुठल्यातरी मंगळवारी, बुधवारी, मीठ आणि पाणी असलं काहीतरी ती शेवटचं बोलली असेल, आणि मी ते मोठ्याने सांगून टाकलं असेल आणि पुढे गेलो असेन... तिने मला सांगायला नको होतं का? बायको होती माझी. एवढं लपवायचं?

मग राग गेला, आणि त्याच्या जागी काही आलं नाही. तो स्टुलाकडे बघत बसला. खिडकीतून आलेला उजेड बाटल्यांतून फिरून टेबलावर पडत होता, निळा, हिरवा, कुठे नुसताच पांढरा, आणि त्यात हात ठेवला तर हाताचा रंग बदलत होता. असा किती वेळ गेला ते कळलं नाही. घंटा झाली, मुलं आली, दुसऱ्या शिक्षकांनी वर्ग घेतला, त्याने तबकं दिली, तबकं घेतली. एका मुलीने विचारलं, “काका, हे असं का झालं?” आणि तो म्हणाला, “सरांना विचार.” म्हणाला, आणि मग त्याला आपलंच म्हणणं टोचलं, कारण त्याला येत होतं. त्याला उत्तर येत होतं, आणि उत्तराआधी तिला उलट काय विचारायचं तेसुद्धा येत होतं.

दोन वाजता तो लिहायला बसला. तीनशे शब्द झाले. कसे झाले ते त्याला सांगता आलं नसतं. त्याने तिसऱ्या बाकावरच्या मुलीबद्दल लिहिलं, तिला न पटलेल्या चार गोष्टींबद्दल लिहिलं, आणि पान भरलं. त्यात बायकोचं नाव कुठेच आलं नव्हतं. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याने पुन्हा वरून खाली वाचलं, कुठे घालता येईल का ते पाहिलं. जागा सापडली नाही.

रकाना राहिला. आठ महिने लिहावेत, तर त्यातले काही तिचे. दोन लिहावेत, तर ते कुठून मोजायचे? आयुष्यभर त्याने थेंब मोजले होते, आणि इथे तिचं कुठे संपलं आणि त्याचं कुठे सुरू झालं हे दाखवणारा कसलाही रंग नव्हता. त्याने पेन टेकवलं. कागदावर एक ठिपका आला. पेन उचललं. मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीवरून तो गेला तेव्हा दार उघडं होतं आणि त्या खाली मान घालून काहीतरी लिहीत होत्या. तो आत गेला नाही. रकाना शिक्क्याशिवाय चालणार होता. हवा असेल तर शिक्का मारा, असंच अर्जात म्हटलं होतं. रिकामा चालणार होता की नाही, ते मात्र कुठेच म्हटलं नव्हतं.

टपाल कचेरीत रांग होती. चाराला वीस मिनिटं कमी. त्याच्यापुढे तीन माणसं. लिफाफा उघडा, पेन खिशात, चौथं पान सगळ्यात वर. खिडकीची काच गार होती, आणि अगदी पुढे उभी असलेली म्हातारी काचेला तोंड लावून कारकुनाला पत्ता समजावत होती.

“अहो आजी, सावकाश. गाव कुठलं म्हणालात?”

“तेच तर सांगतेय मघापासून! कान आहेत की खुंट्या?”

कारकून हसला. म्हातारीच्या बोलण्याने काचेवर वाफेचा गोल उमटत होता, ती गप्प झाली की तो आटत होता. आणि आटताना – त्याने मान वाकडी करून नीट पाहिलं – तो कडेने आटत होता. मध्ये राहत होता सगळ्यात शेवटी. दरवेळी. का बरं? कडेला थर पातळ म्हणून? एवढंच? की मधली काच जास्त वेळ तिच्या श्वासाखाली राहते म्हणून तापते, मग तर मधूनच आधी जायला हवा... वर्गात हे सरळ सांगायचं नाही. प्रत्येकाला एक काच द्यायची. आधी नुसतं बघू द्यायचं. मग विचारायचं, कुठून जाते? आणि तिसऱ्या बाकावरची म्हणणार, माझी मधून गेली. म्हणणारच ती. मग तिची काच हातात घ्यायची आणि...

तो थांबला. सवयीने उजवीकडे जरासा झुकला होता. कानाशी काही नव्हतं. मागच्या माणसाने नुसतं हलकेच म्हटलं, “सरका पुढे.”

तो एक पाऊल सरकला. त्याला हे तिला सांगायचं होतं. वर्षभर तो तिचं काहीतरी ऐकू येईल म्हणून गप्प राहत आला होता, खोल्यांमध्ये, रस्त्यांवर, झोपेच्या अलीकडे. आणि आत्ता, या रांगेत, तिने काही म्हणावं असं त्याला वाटत नव्हतं, तिने फक्त ऐकावं, हे काचेचं, कडेने जाण्याचं... वाटण्यातला हा फरक एवढासा होता, की त्याने पेन खिशातून काढलं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. पुढे आता दोन माणसं होती. त्याने चौथं पान लिफाफ्याच्या पाठीवर ठेवलं आणि तो रकान्याकडे बघत राहिला, घाबरून, पण आता कुणाची वाट न बघता.