माळ्यावर ठेवलेलं औषध

शुभा आमच्याकडे अभ्यासाला आली की आई तिला माझ्याहून एक घावन जास्त वाढायची. मी मोजायचे. जळायचे मी तिच्यावर, लपवू कशाला?

तिचं कुर्ल्याचं घर एका खोलीचं आणि माणसं नऊ. म्हणून मुलुंडच्या आमच्या स्वयंपाकघरात बसून ती डॉक्टर होत होती. मीही शेजारच्या पाटावर बसून घोकायचे आणि विसरायचे. शहाऐंशीच्या तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, अर्धशिशी उठूच नये म्हणून रोज कोणती औषधं देतात? माझी गाडी दोनवर अडली. शुभाने सगळी धडाधड सांगितली.

"कशी गं लक्षात राहतात तुझ्या?"

"तुमच्या घरात ठेवते ना मी," ती हसली. "सायप्रोहेप्टाडीनने भूक वाढते, ते तांदळाच्या डब्यात. अमिट्रिप्टिलीनने झोप येते, ते गाद्यांच्या वळकटीत. मेथिसरजाइड कॅलेंडरला टांगलंय, कारण सहा महिन्यांनी ते थांबवायचं. आणि प्रोप्रॅनोलॉल माळ्यावर."

घर आमचं, डबे आमचे आणि मार्क हिला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी चार दिवस मनातल्या मनात घरभर फिरून मी ती यादी पाठ केलीच.

रविवारी आईचं डोकं उठलं. महिन्यातली चौथी खेप. कपाळाला फडकं आवळून ती घावनं घालत होती. शुभासमोर डॉक्टरकी दाखवायची संधी मी सोडते होय?

"आई, तू रोज प्रोप्रॅनोलॉल घे. उद्याच आणते मी."

आई कौतुकाने माझ्याकडे बघत राहिली. एवढ्यासाठीच तर मी घोकत होते.

शुभाने हातातला घास खाली ठेवला. "माणिक, ते नको. ते मी माळ्यावर का ठेवलंय?"

"का?"

"काकू माळ्यावर चढत नाहीत. दमा आहे ना त्यांना. दमेकऱ्याला ते द्यायचं नसतं, श्वास कोंडतो."

आईच्या छातीतली घरघर तव्याच्या आवाजातही ऐकू येत होती. लहानपणापासून रोज कानांवर पडणारी, आणि माझ्या ध्यानातच आली नव्हती.

"मग मी काय घेऊ गं, शुभा?" आईने विचारलं.

"आधी सरांना दाखवू, काकू. मी येते तुमच्याबरोबर."

आईने शेवटचं घावन तिच्या ताटात वाढलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण हेवा काही जागचा हलला नाही.